सहाशे जिवांची यादी

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज एवढा खणखणीत आहे, की त्यांनी अकोल्यात "चहा घेता काय वो?" असं विचारलं तर मूर्तिजापुरात दोन माणसं "नको, आत्ताच झाला" म्हणून उत्तर देतात. हे मी वाढवून सांगते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. असेल. मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर दोन आणि दोन चारच सांगायचे म्हटल्यावर घरी आलेल्या बाईला पाच म्हणायची मुभा नको? तेव्हा या लिखाणात जिथे पाच आलेत तिथे वाचकांनी खुशाल चार समजावेत. पण ज्या एका हिशेबात मी साफ आपटले, तो आकडा अगदी खरा आहे. तो कबूल करायलाच आज बसले.

जाऊबाईंचा बचत गट आहे. सोळा बायका आणि गणितापुरती सतरावी मी. बचत गट म्हटलं की पापड, हे ठरलेलं. कुठे महिला मेळावा असला की आम्हाला बोलावणं यायचं. व्यासपीठावरून कोणी पाहुणे सांगायचे की बाई म्हणजे शक्ती, बाई म्हणजे जगाचा आधार, आणि खाली उतरून त्या आधाराकडून दोन किलो उडदाचे पापड पिशवीत घालून न्यायचे. आम्ही इतके पापड लाटले, की ते एकाला एक लावून अंथरले असते तर अकोला ते अमरावती रस्त्यावरचे सगळे खड्डे झाकून वर बडनेऱ्याला एक गतिरोधक झाला असता.

अशाच एका मेळाव्यात पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "ताई, आता पुढचं पाऊल कोणतं? कुरडया?"

जाऊबाई म्हणाल्या, "कढई."

"कुरडया तळायची?"

"नाई. लग्नाची."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करते. मी हसले नाही, कारण मला ते प्रकरण जुनं माहीत होतं.

आमच्याकडे बाई जन्मभर रांधते. पण लग्नाच्या मांडवामागे जी भट्टी पेटते, तिच्यावरची कढई बाप्याची. बायकांनी तिथे लसूण सोलायचा, पोळ्या लाटायच्या, आणि भट्टीपासून दहा पावलं लांब राहायचं. घरातलं रांधणं हा बाईचा धर्म आणि मांडवातलं रांधणं ही बाप्याची कला. दोहोंत फरक एवढाच, की धर्माला मजुरी नसते.

जाऊबाईंचं माहेर धामणगाव रेल्वेचं. तिथल्या पंचक्रोशीत एकच आचारी नावाजलेले. माहेरच्या गावचा मोठा माणूस म्हणून जाऊबाई त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांच्या कढईबद्दल अशी गोष्ट सांगतात, की एकदा तिच्यात एक वासरू शिरलं आणि त्याला दुसऱ्या काठाशी पोचेपर्यंत शिंगं फुटली. मामांचा झारा नांगराएवढा. मिशी झाऱ्यापेक्षा जरा लहान. जाऊबाई नऊ-दहा वर्षांच्या असताना मांडवाच्या कनातीला भोक पाडून त्या मामांचं काम पाहत बसायच्या. एकदा धीर करून आत गेल्या, तर मामांनी झारा उगारला.

"हट पोरी! बाईची सावली पडली कढईवर त भाजी खारट होते!"

जाऊबाईंनी तेव्हापासून ती सावली मनात धरली होती. सगळ्या संसारात, पाच लिटरच्या गंजात वरण ढवळतानासुद्धा, त्यांचा हात मोठ्या कढईत ढवळल्यासारखा खांद्यापासून फिरायचा. आमच्या स्वयंपाकघरात दोघींना उभं राहता येत नसे. एकीला कोपर लागायचं.

मग गेल्या उन्हाळ्यात माझ्या शाळासोबतिणीच्या लेकीचं लग्न ठरलं. मी अमरावतीची. ही माझ्या वर्गातली, पहिल्या बाकावरची. आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, राहते चांदूर बाजारला. तिच्या हाताखाली डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहतात. ती पत्रिका घेऊन अकोल्याला आली, जाऊबाईंच्या हातची कढी-गोळे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाली,

"लग्नाचं जेवन तुमीच करा."

"लसूण सोलायले येतो ना आमी," जाऊबाई म्हणाल्या.

"लसूण नाई वो ताई. भट्टी. माह्या मायनं कापूस येचून मले नर्स केलं. मी माह्या पोरीले इंजिनेर केलं. अन् तिच्या लग्नात बायकायनं कनातीमांगं लसूण सोलत बसाचं? सहाशे पान आहे. करता का नाई, तेवढं सांगा."

जाऊबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. अकोल्यात इतकी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती. शेजारच्या चार घरांतून काय झालं म्हणून विचारायला आले.

बातमी मामांपर्यंत पोचायला आगगाडीही लागली नाही. चांदूर बाजारचं ते लग्न मामा आपलंच धरून बसले होते. चार दिवसांनी भल्या सकाळी अकोल्याच्या भाजीबाजारात ते आम्हाला आडवे आले. जाऊबाई वांगी पाहत होत्या.

"काय भाचीबाई, आयकलं ते खरं हाय काय?"

"खरं हाय मामा."

"सहाशे पान म्हंजे चार पाव्हन्याचा सैपाक नोय बाप्पा. कढई उचलशीन काय?"

"पाहून घेतो."

"अन् लोकं उपाशी उठले त? तुह्या सासरचं जाऊ दे, आपल्या धामनगावचं नाक जाईन."

आजूबाजूला माणसं जमली. कोथिंबीरवाल्यानं तर जुड्या बांधायच्या सोडून दिल्या. जाऊबाईंनी हातातलं वांगं असं उंच धरलं, की जणू त्या त्याचीच शपथ घेताहेत.

"आयका मामा. त्या मांडवात एक जीव जरी उपाशी राह्यला, त मी झारा खाली ठेवीन. पुन्हा मोठ्या कढईले हात लावनार नाई. जल्मात नाई. अन् सगळे जेवले त?"

मामांनी मिशी चोळली. "त मी तुह्या हाताखाली बसून कांदे कापीन."

बाजारात हशा पिकला. मामांनी कांद्याला हात लावल्याला इतकी वर्षं झाली होती, की कांदेही त्यांना ओळखत नव्हते. पण मला हसू आलं नाही. जाऊबाई गमतीत शपथ घेणाऱ्यांतल्या नाहीत. एकदा त्यांनी आमच्या ह्यांवर चिडून भासऱ्यांना, म्हणजे आपल्या यजमानांना, "तुमच्या भावाच्या स्कुटरवर बसनार नाई" म्हटलं होतं. ती स्कूटर भंगारात गेली, पण त्या बसल्या नाहीत.

मग तालीम सुरू झाली. भाड्याची कढई अंगणात आणली. आठजणींनी जोर लावला. कढई हलली नाही, फक्त आमच्या हाडांचे आवाज आले. मी म्हटलं, झालं. मामा बरोबर होते. जाऊबाई कमरेवर हात ठेवून कढईकडे बघत राहिल्या.

"मास्तरीनबाई," त्या मला म्हणाल्या, "हे उचलाची काहून?"

"म्हणजे? भाजी पंगतीत न्यायची ना."

"भाजी न्याची. कढई काहून न्याची? अथीच राहू द्या. बालट्या भरा अन् चाला."

इतक्या पिढ्या आमचे बाप्ये भरल्या कढईला बांबू लावून, "हो हो हो" करत, दंडाच्या बेटकुळ्या दाखवत ती मांडवापर्यंत नेत आले. आतली भाजी काढून घेतली की कढई हलकी होते, हा शोध त्यांच्यापैकी कोणाला लागला नव्हता. आम्ही बादल्यांची रांग लावून पाहिली. नळावर पाणी भरायची सवय असलेल्या बायका. एक थेंब सांडला नाही.

उन्हाचा प्रश्न नव्हताच. अकोल्याच्या मे महिन्यात भट्टी पेटवायला काडी लागत नाही. कढई अंगणात ठेवायची आणि मागे फिरायचं. तिथे संसार केलेल्या बाईला चांदूर बाजारची भट्टी म्हणजे थंड हवेचं ठिकाण.

राहिला हिशेब. तो माझ्याकडे. मी चौकटीची वही घेतली आणि यादी केली. अशी यादी जगात कोणी केली नसेल. नुसते पाहुणे नव्हेत. "एक जीव जरी" म्हटल्यावर मला झोप नव्हती. मी बँडवाले धरले. मांडववाले धरले. फोटोवाला धरला, त्याचा दिवा धरणारा धरला. पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर, पाण्याच्या टँकरवाला, कार्यालयाचा चौकीदार, चौकीदाराचा कुत्रा, त्याला दोन पोळ्या. वधूपक्षातली एक आजी फक्त मऊ भात खाते, तिचं वेगळं खातं. सहाशे झाले, त्यावर पन्नास अडीअडचणीचे धरले. मग सगळ्या गटाला बसवून मी यादी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "कोणी सुटलं का?"

सोळाजणी डोळे मिटून विचार करू लागल्या.

"ते घोडीवाला येते का व?"

"घोडी नाही. कारमधून येणार आहे नवरदेव."

"मंग कार सजवनारा पोरगा?"

लिहिला.

"अन् बुद्धवंदना घ्याले जे येतीन ते?"

"ते पहिल्याच पानावर."

"बस, मंग कोनी नाई राह्यलं," शेंदूरजनाघाटच्या मावशी म्हणाल्या. मावशी गटातल्या सर्वांत वडील. संत्र्याच्या मोसमात फळं निवडायचं काम करून त्यांची नजर अशी झाली होती, की हजार संत्र्यांत एक नासकं असलं तर लांबून बोट दाखवायच्या. त्यांनी यादी पास केली. मी तीनदा ताळा केला. माझ्या मते ती यादी विद्यापीठात लावण्यासारखी होती.

लग्नाच्या दिवशी पहाटे आम्ही चांदूर बाजारच्या कार्यालयात भट्टी पेटवली. जाऊबाईंनी पदर खोचला, झारा उचलला आणि पहिल्यांदा मांडवातल्या मोठ्या कढईसमोर उभ्या राहिल्या. सूर्य पाठीमागून वर आला आणि त्यांची सावली थेट कढईत पडली. आम्ही सगळ्या थबकलो. जाऊबाईंनी सावलीकडे पाहिलं, मग आत तेल ओतलं. सावली छान चरचरली.

बेत वांगं-आलूची भाजी, वरण, भात, पोळ्या, बुंदी, भजे आणि मठ्ठा. मावशींच्या पोळपाटावरून पोळ्या अशा सुटत होत्या, की मधे दोन चिमण्या चुकून तव्यावर भाजता भाजता वाचल्या. जाऊबाईंचा आवाज तर त्या दिवशी सरकारी परवाना घेऊन आल्यासारखा होता. "बालटी!" म्हटलं की आमच्या बादल्या हलत, आणि तिकडे मंगल परिणयाच्या खुर्च्यांत बसलेली दोन-तीन माणसंही बिचारी उठून उभी राहत.

मामा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पाहुण्यासारखे. त्यांचा छोटा टेम्पो त्यांनी मागच्या लिंबाखाली लावला, वर ताडपत्री ओढलेली. पहिल्या पंगतीत ते अगदी मधोमध बसले आणि जेवायला लागले. मी वाढपात होते, म्हणून मोजलं. अठ्ठावीस भजे. पोळ्या मी सोळापर्यंत मोजल्या, मग मला आकडे कमी पडले. बुंदी तर ते अशा मायेनं मागत होते, की जणू माहेरी न्यायची आहे. मी जाऊबाईंना जाऊन सांगितलं, "मामा एकटेच पंगत संपवायला बसलेत."

"वाढ. यादीत एकच धरले ना त्यायले? आता अकरा धर."

त्यातून नवरदेवाकडचे पन्नास जास्त आले. बरोबर पन्नास; माझ्या वहीतले अडीअडचणीचे जणू वाट पाहतच होते. एकामागून एक पंगती उठल्या. बँडवाले जेवले. टँकरवाला जेवला. दिवा धरणारा दोनदा जेवला. मऊ भाताच्या आजींनी तर भजं मागून घेतलं आणि दात नसताना खाल्लं. साडेतीनच्या सुमाराला चौकीदाराच्या कुत्र्यानं दुसरी पोळी अर्धी टाकून दिली, आणि मी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण केली.

"झालं!" मी ओरडले. "एकूण एक जेवलं!"

भट्टीपाशी जो काही कल्ला झाला! परातीवर लाटणी वाजली. कोणी जाऊबाईंच्या कपाळाला बुंदीचा पाक लावला. जाऊबाई हसत होत्या, रडत होत्या आणि घामानं इतक्या भिजल्या होत्या, की यातलं काय कुठून येतंय ते कळत नव्हतं. मग त्या उलट्या बादलीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"चाला बायायहो. आता आपन जेवू."

मावशींनी भाजीच्या कढईवरचं झाकण काढलं. खाली ठेवलं. वरणाच्या गंजावरचं काढलं. भाताचं काढलं. पोळ्यांची टोपली उलटी केली. मग सगळ्याजणी मिळून झाकणं उघडू लागल्या आणि दर झाकणाबरोबर आवाज कमी होत गेला. सगळं मिळून निघालं तीन भजे आणि अर्धी पोळी.

मी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. चौकीदाराचा कुत्रा होता. कार सजवणारा पोरगा होता. आम्ही नव्हतो. तीनदा ताळा केलेल्या यादीत, सोळाजणींनी डोळे मिटून तपासलेल्या यादीत, आम्ही सतराजणी कुठेच नव्हतो. सवयच तशी. घरी रोज सर्वांचं झाल्यावर जे उरेल त्यात आपण. आपल्यासाठी वेगळी मूठ कोण टाकतं? घरी ते खपून जातं. इथे मात्र तीन भज्यांना सतरा बायका, म्हणजे एका भज्यामागे पाच पूर्णांक दोन तृतीयांश बायका पडत होत्या. हे गणित मी मनातल्या मनात केलं आणि मला पहिल्यांदाच गणिताची लाज वाटली.

"मले त भूकच नाई," एकजण म्हणाली.

"मले बी नाई. तेलाच्या वासानंच पोट भरलं."

सतराही पोटं एकदम गुरगुरली. लिंबावरचे पोपट उडाले.

आणि तेवढ्यात मागून मामा. पोटावर हात, तोंडात विडा. त्यांनी उघडी झाकणं पाहिली, आमची तोंडं पाहिली. आचारी माणूस; त्यांना सांगावं लागलं नाही.

"भाचीबाई," ते हळूच म्हणाले, "एक जीव म्हनत होती ना तू? हे त सतरा दिसून राह्यले."

मग मावशी जाऊबाईंच्या कानाशी लागल्या. पण मावशींचं कुजबुजणंही गावभर जातं. "सांग ना त्याले, आमी मोजन्यात नाई म्हना. घरच्याच आहो आमी. पाव्हने सगळे जेवले ना? जितलीस तू!"

खरंच होतं. चार शब्द म्हणायचे, की आम्ही धरायच्या नाहीत. झारा हातात राहिला असता. जन्मभराची हौस. मामांना उद्या कांदे कापायला बसवता आलं असतं. मी तर मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणून टाका.

जाऊबाई त्या बादलीवरून उठल्या. आमच्यातल्या एकेकीकडे बघत गेल्या. भाजलेली मनगटं, पिठाच्या भुवया, माझ्या हातातली ती विद्वान वही. मग त्यांनी झारा दोन्ही हातांनी धरला आणि मामांच्या पायाशी जमिनीवर ठेवला.

"आमी मोजन्यात आहो मामा. सतरा जीव उपाशी आहे. मी हरली."

त्यांचा आवाज एवढा लहान होता, की बाजूच्या झाडापर्यंतही गेला नसता. मामांचा विडा चावायचा थांबला. त्यांनाही हे अपेक्षित नसावं.

"काय ठिवलं ते खाली?"

माझी मैत्रीण आली होती. लेकीच्या लग्नाची भरजरी साडी, हातात चपला. पाठवणीच्या गडबडीतून ती आमचं जेवण झालं का ते पाहायला आली होती. दोन वाक्यांत तिला सगळं कळलं.

"उचला तो झारा," ती जाऊबाईंना म्हणाली. "पंगती संपल्या कोनं सांगतलं? मांडव माहा, पोरगी माही. शेवटची पंगत बसाची आहे अजून."

"बसवा ना," मामा म्हणाले. "वाढसान काय? रिकामी कढई?"

"ते तुमी सांगा मामा. लिंबाखालच्या टेम्पोत काय हाय?"

मामांच्या मिशीचं एक टोक खाली आलं. "ते... ते बिनकामाचं आहे."

नर्सबाई ती. लोकांना सुया टोचून खरं काढण्यात आयुष्य गेलेलं. ती तरातरा गेली आणि ताडपत्री ओढली. आत गोवऱ्यांची थप्पी. जाड दळलेल्या गव्हाचं पोतं. तुरीची डाळ, वांगी, कांदे, तुपाचा डबा. सगळा रोडग्याचा सरंजाम! आमच्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजतात, तूप घालून चुरतात, वरण-वांग्याबरोबर खातात, ते रोडगे. आणि हा प्रकार करतात बाप्ये. माझं तर मत आहे, की वऱ्हाडातल्या कुठल्याशा बाप्याला पोळी लाटता येईना, म्हणूनच रोडग्याचा शोध लागला.

"हे कोनासाठी हो मामा?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले वाटलं, दुपारी अथी बोंबाबोंब होईन. लोकं उपाशी बसतीन. मंग मी रोडगे टाकीन. धामनगावचं नाक राहीन... अन् माहंही."

म्हणजे आमच्या फजितीचं जेवण ते बरोबर घेऊनच आले होते. आणि आमच्याच पंगतीत अठ्ठावीस भजे खात त्या फजितीची वाट पाहत होते! मैत्रीण हसू लागली. मग मावशी. मग जाऊबाई, आणि त्या हसल्या तेव्हा आवाज जागेवर आला. अमरावतीला कोणीतरी नक्की दचकलं असणार.

"मंग पेटवा ना मामा," जाऊबाई म्हणाल्या. "जीव अजून उपाशीच हाय. पंगत उठली नाई."

"मी पेटवतो. पन भाजी?"

"भाजी मी सांगीन तशी. तुमी कांदे कापा."

झारा त्यांनी उचलला होता. कधी, ते मी पाहिलंच नाही.

त्यानंतर चांदूर बाजारानं जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. आमचे हे आणि भासरे गोवऱ्या रचत होते. नवरदेवाचा बाप, नवा कोट काढून, कणीक तिंबत होता. बँडवाल्यांनी वरण घोटलं. ढोलवाल्याचा हात त्या कामी फारच चांगला. आणि मामा पाटावर बसून कांदे कापत होते. डोळ्यांतून धारा. कोणी विचारलं तर "धूर हाय" म्हणत होते, आणि धूर दुसऱ्या बाजूला जात होता. आम्ही सतराजणी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ओळीनं बसून सूचना करत होतो. हात रिकामे घेऊन बसायची सवय नसल्यामुळे पहिली पंधरा मिनिटं फार जड गेली. मावशी तर दोनदा उठून लसूण सोलायला निघाल्या; त्यांना धरून बसवावं लागलं.

भाजी चुलीवर चढली तेव्हा मामांनी मान वर न करता विचारलं, "सकाळच्या भाजीत मीठ केवढं होतं?"

"चार मुठी अन् वरून एक चिमूट."

सुरी थांबली. "हे त माहं माप हाय. तुले कोनं सांगतलं?"

"कनातीले भोक होतं मामा."

मामांनी नाक पुसलं. "भाजी खारट नोती पन," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

उन्हं कलायला लागली तेव्हा आमची पंगत बसली. बाप्ये वाढायला. रोडगे काही काळे, काही कच्चे, एक तर इतका कडक, की तो भासऱ्यांच्या हातून पडला आणि कार्यालयाची फरशी तडकली. पण तूप! धारेनं! आमचे हे माझ्यापुढे वाकून म्हणाले, "अजून एक घे ना. माह्या हातचा हाय." इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला जेवणाचा आग्रह पहिल्यांदाच केला. मी सहा रोडगे खाल्ले. वाचकांनी चार समजू नयेत, सहाच होते.

जिंकलं कोण, यावर अजून भांडण आहे. मामा म्हणतात, पीठ माझं, गोवऱ्या माझ्या, म्हणजे जीव मीच जेवू घातले. जाऊबाई म्हणतात, हुकूम कोणाचा होता? तेवढ्यात दुसऱ्या लग्नाची सुपारी आली, मग तिसऱ्याची. पापड आता आम्ही विकत आणतो.

वही तीच आहे, यादीची सुरुवात बदलली. पहिल्या पानावर, नवरदेव-नवरीच्याही वर, पहिली ओळ: आम्ही सतराजणी. जाऊबाई बाकी यादी वाचतच नाहीत. तेवढ्या ओळीवर बोट ठेवून मला वही परत देतात. परवा धामणगावच्या एका लग्नात मामा आपणहून आले, सुरी घरूनच घेऊन. कांद्यांच्या ढिगापाशी पाट मांडला आणि मला हाक मारली.

"मास्तरीनबाई, मले धरलं का वो यादीत?"

"धरलं ना मामा."

"कुठं धरलं?"

"फोटोवाल्याच्या खाली. अकरा पानं."